फॉन्ट फुकट आहे, पण लायसन्स काय आहे?

मराठी फॉन्टचा विषय निघाला की कुठल्याही ग्रुपवर पहिला प्रश्न ठरलेला: "फुकट आहे का?" माझ्या मते हा प्रश्न दुसरा यायला हवा. आधी लायसन्स विचारा.

फुकट मिळणारे कितीतरी फॉन्ट 'फक्त वैयक्तिक वापरासाठी' असतात. सत्यनारायणाच्या आमंत्रणाला चालतील, दुकानाच्या पाटीला नाही. पैसे मोजून घेतलेल्यांचीही वेगळीच तऱ्हा. जुन्या डीटीपीवाल्यांना (कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावणाऱ्यांना) डोंगल आठवत असेल, म्हणजे फॉन्ट चालायला मशीनला जोडावं लागणारं कुलूपवजा उपकरण. तो बिघडला की आपणच टाइप केलेला मजकूर आपल्याच मशीनवर उघडेना, आणि दुसऱ्या फॉन्टमध्ये टाकला की नुसती अगम्य चिन्हं.

आता उलट उदाहरण बघा. राज्य मराठी विकास संस्थेने 'यशोमुद्रा' हा फॉन्ट 'ओपन फॉन्ट लायसन्स'खाली, म्हणजे कुणीही वापरावा, बदलावा आणि वाटावा अशा परवान्याखाली, खुला केला. आयआयटी मुंबईतल्या मंडळींना संस्कृत ग्रंथांसाठी भरपूर जोडाक्षरं आणि वैदिक स्वरचिन्हं हवी होती. त्यांनी यशोमुद्रा घेतला, त्यात अकराशेच्या वर जोडाक्षरं बसवली, रोमन अक्षरं अडोबी या खासगी कंपनीच्या अशाच परवान्याच्या फॉन्टमधून घेतली आणि 'शोभिका' तयार केला. त्यासाठी कुणाच्या दारात अर्ज घेऊन उभं राहावं लागत नाही, कारण परवानगी लायसन्समध्येच लिहिलेली असते.

हे फक्त आयआयटीवाल्यांचं काम नाही. एखाद्या फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे असतात, आपल्याला पाकळीचा ल आणि देठाचा श हवा असतो. लायसन्स मुक्त असेल तर फॉन्टफोर्ज या फॉन्ट बनवायच्या प्रोग्रॅममध्ये (तेही मुक्त सॉफ्टवेअरच) फाईल उघडायची, दोन अक्षरं नीट करायची आणि गावभर वाटायची. बंदिस्त फॉन्टच्या बाबतीत कंपनीला ईमेल करायचा आणि वाट बघत बसायचं.

ओपन फॉन्ट लायसन्सलाही अटी आहेत, नाही असं नाही. बदललेला फॉन्ट त्याच लायसन्सखाली द्यावा लागतो. मूळकर्त्याने नाव राखून ठेवलं असेल तर तुमच्या आवृत्तीला वेगळं नाव द्यायचं. नुसता फॉन्ट विकता येत नाही, सॉफ्टवेअरसोबत विकता येतो. पण त्या फॉन्टमध्ये छापलेलं पुस्तक सर्वस्वी तुमचं, हवं त्या किमतीला विका.

मुळात मुक्त लायसन्सची ही कल्पना म्हणजे मुक्त सॉफ्टवेअर चळवळ सुरू करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमनची मांडणी: हव्या त्या कामासाठी वापरा, आतून तपासून बदला, प्रती वाटा, बदललेल्या प्रतीही वाटा. १९८९ साली आलेल्या जीपीएल या सॉफ्टवेअरच्या लायसन्सने ती कायद्याच्या भाषेत बसवली. त्यातली गंमत अशी की, कॉपीराइटचा कायदा एरवी प्रती काढायला मनाई करतो, त्याच कायद्याच्या जोरावर इथे प्रती काढायचा हक्क राखला जातो. वकिली डोकं म्हणतात ते हे!

म्हणून माझी मागणी साधी आहे. सरकारी पैशातून फॉन्ट, कीबोर्ड, शब्दकोश, ओसीआर (छापील पानाच्या चित्रातून मजकूर ओळखणारं सॉफ्टवेअर), जे काही बनेल त्याच्या टेंडरमध्येच मुक्त लायसन्सची अट घाला. नुसतं 'मोफत डाउनलोड' लिहून भागत नाही. ठेकेदार गेला की ते सॉफ्टवेअर पुढच्या विंडोजवर चालेनासं होतं, आणि सोर्स कोड, म्हणजे दुरुस्तीसाठी लागणारा प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, कुणाकडेच नसल्यामुळे पुन्हा नवं टेंडर.

"मग खासगी कंपन्या आयता फायदा उठवतील," असं कुणीतरी म्हणेलच. उठवू देत की. शोभिकातली रोमन अक्षरं तरी कुठून आली?