लागमन म्हणजे फक्त कुटुंब नियोजनाचा कायदा नाही

लेखात फिलिपिन्सचे खासदार एडसेल लागमन यांची कारकीर्द कुटुंब नियोजनाच्या कायद्यावरच संपवलीय, ते पटलं नाही. कायदा मोठाच होता, चर्चचा एवढा विरोध असताना डिसेंबर २०१२ ला संसदेच्या खालच्या सभागृहात (हाउस) सेकंड रीडिंगला, म्हणजे दुसऱ्या वाचनाच्या मतदानात, मध्यरात्र उलटून गेल्यावर ११३ विरुद्ध १०४ असा पास झाला, म्हणजे पाच जण इकडचे तिकडे झाले असते तर गेलाच होता. पण त्यांचा भाऊ हर्मन, कामगारांचा वकील, १९७७ मध्ये मार्शल लॉ (लष्करी कायदा) असताना गायब झाला तो आजपर्यंत सापडला नाही, आणि माणसं गायब करणं हा गुन्हा ठरवणारा कायदाही याच माणसाने लावून धरला आणि तोसुद्धा २०१२ च्या डिसेंबरातच झाला, हे लिहायलाच हवं होतं. पस्तीस वर्षं! भावासाठी एवढं थांबणं साधं नाही हो.

लेखातला घराणेशाहीचा मुद्दा मात्र बरोबर आहे, १९९८ ला लागमन यांच्या सलग तीन टर्म संपल्यावर आल्बाय प्रांतातली त्यांचीच हाउसची सीट मुलीकडे गेली, ते मलाही खटकतं. पण घटस्फोटाला परवानगी देणारं बिल त्यांनी ८२ व्या वर्षी हाउसमध्ये पास करून घेतलं, ते सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, अडकलं आणि जानेवारी २०२५ ला लागमन वारले. फार वाईट वाटलं.