बघण्याचा पगार

तुफान हा माझा बॉर्डर कॉली जातीचा कुत्रा आहे, आणि पळणारं मूल ही त्याच्या लेखी कळपातून सुटलेली मेंढी आहे. यात त्याचा काही गुन्हा नाही. त्याच्या पूर्वजांना माणसांनीच पिढ्यान्‌पिढ्या निवडून-पारखून या कामाला लावलं: मान खाली, नजर रोखलेली, दबकत पुढे जायचं आणि पळणाऱ्याला वळवून आणायचं. अ‍ॅजिलिटीच्या, म्हणजे कुत्र्यांच्या अडथळा-शर्यतीच्या, मैदानात हाच पिंड कामी येतो. उड्या, बोगदा, सी-सॉ, ए-फ्रेम (दोन्ही बाजूंनी उतरती उंच फळी) आणि बारा खांबांमधून नागमोडी धावणं. खांबांत शिरताना पहिला खांब कुत्र्याच्या डाव्या खांद्याशी यावा लागतो. तुफानला हे कळतं. त्याचा डावा खांदा कुठला, हे ठरवायला मलाच क्षणभर थांबावं लागतं. पण कुंपणापलीकडे एखादं पोर किंचाळत पळालं, की हा विद्वान आपली अक्कल बोगद्यातच ठेवून बाहेर येतो.

आणि पोरं किंचाळणारच. आपल्याला जास्तीत जास्त २०,००० हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं, कुत्र्याला ४५,००० च्या आसपास. उंच पट्टीत त्याचे कान आपल्यापेक्षा तिखट. वर मुलांच्या हालचालींचा भरवसा नाही: आत्ता उभं, आत्ता आडवं, आत्ता अंगावर.

‘मुलांत सोडा, आपोआप सवय होईल,’ असा सल्ला देणारे भेटतात. ते स्वतः त्या वेळी लांब उभे असतात. आमच्या प्रशिक्षक बाईंचं म्हणणं उलट. मूल दिसेल, पण तुफानला स्वतःचं नावही ऐकू येईल, इतक्या अंतरावर थांबायचं. खाऊ दिला तर खातो का बघायचं. तोंड फिरवलं तर आपण फार जवळ आलोय, मुकाट्याने मागे व्हायचं. त्याने मुलाकडे पाहिलं रे पाहिलं, की ‘शाब्बास’ म्हणून घास द्यायचा.

‘बघण्याबद्दल बक्षीस?’ मी विचारलं.

‘बघू दे की त्याला. बघून तुमच्याकडे वळला पाहिजे, एवढंच.’

पद्धत अचूक लागू पडली. नको इतकी. मूल दिसणे हे पगारी काम आहे, असा तुफानचा पक्का समज झाला. आता फिरायला निघालं की तो मुलं हुडकतो. दिसलं मूल, की त्याच्याकडे एक नजर आणि लगेच माझ्या खिशाकडे. जुळी दिसली तर दोन वेगवेगळ्या नजरा. बाबागाडी दिसली तरी तो हजेरी लावतो, आणि गाडी रिकामी निघाली तर आमचा वाद होतो. एकदा त्याने एका बुटक्या गृहस्थांकडे पाहून माझ्याकडे अपेक्षेने बघितलं. मी गुपचूप घास दिला. तिथे हिशेब समजावत बसणं शक्य नव्हतं.

कुत्र्याचं असं मार्गी लागलं. मुलांचंही लागतं. ‘काका, हात लावू?’ असं विचारणाऱ्या मुलाला मी मनातल्या मनात चषक देतो. कोणी धावत आलं तर ‘झाड हो’ म्हणायचं: जागच्या जागी उभं, हात घडी घालून, नजर पायांवर. मुलं फार सुंदर झाडं होतात. ‘काका, झाडाला खाज आली तर?’ एवढाच काय तो प्रश्न.

अडतं ते मोठ्यांपाशी. तुफान जांभई देतो. वडील म्हणतात, ‘झोप आली बिचाऱ्याला.’ ओठ चाटतो. आई म्हणते, ‘भूक लागली वाटतं.’ मान वळवून डोळ्यांचे पांढरे कोपरे दाखवतो. आजी म्हणतात, ‘कसा लबाड बघतोय!’ बिचारा त्याच्या भाषेत तीनदा सांगून चुकला, की मला हे जमत नाहीये, जरा लांब घ्या. ‘शेपटी हलतेय की हो!’ हलते. ताठ धरून हलवली तर ते आमंत्रण नसतं, हे मी सांगेपर्यंत त्यांनी ‘जा बाळा, मिठी मार’ म्हणून बाळाला पुढे ढकललेलं असतं. मग मी मधे उभा राहतो आणि खडूस ठरतो. ही पदवी मी आनंदाने घेतली आहे.

परवा स्पर्धा होती. दोरीच्या पलीकडे मुलंच मुलं. धावताना खाऊ जवळ ठेवायचा नाही असा नियम, त्यामुळे माझे खिसे रिकामे. तुफान सुसाट. बोगदा, सी-सॉ, बाराच्या बारा खांब बिनचूक. शेवटच्या उडीसमोर येतो तोच दोरीपाशी एका चिमुरडीने भोकाड पसरलं. तुफान थबकला. तिच्यावर झेप नाही, भुंकणं नाही. शांतपणे तिच्याकडे पाहिलं आणि माझ्याकडे वळला. शिकवल्याबरहुकूम. आता पगार.

उडीपुढे थांबणं म्हणजे नकार, आणि नकाराचे पाच दोषगुण. तशी खूण म्हणून परीक्षकांनी मूठ वर केली.

तुफानने ती बंद मूठ पाहिली. मुठीत काय असतं हे त्याला चांगलं ठाऊक आहे. उडी तिथेच सोडून तो परीक्षकांसमोर जाऊन अदबीने बसला.