पाक ओसरला का?

आमच्या घरात रात्री साडेनऊला एक पुस्तक उघडायचं आणि पावणेदहाला पोरगं गार, असे सुखाचे दिवस होते. पुस्तक म्हणजे जूडी बॅरेट यांनी लिहिलेलं, रॉन बॅरेट यांच्या चित्रांचं, 1978 चं ‘क्लाउडी विथ अ चान्स ऑफ मीटबॉल्स’. नणंदेनं पुण्याहून पाठवलेलं. तीसेक पानं, त्यात चित्रंच जास्त, इंग्रजी डोळ्यानं वाचायचं आणि तोंडानं मराठी सोडायची. एक आजोबा सकाळी धिरडी करत असतात (पॅनकेकला आमच्यात धिरडंच), उडवलेलं एक धिरडं नातवाच्या डोक्यावर जाऊन पडतं, मग रात्री ते नातवंडांना अशा गावाची गोष्ट सांगतात जिथं किराणा दुकानच नाही कारण दिवसातनं तीनदा आभाळातनं जेवण पडतं. गावाचं नाव च्यूअँडस्वॉलो, मी चावगिळवाडी करून टाकलं. मीटबॉलचे कोफ्ते केले, कारण सासूबाई शेजारच्या खोलीत जपाला बसलेल्या असतात आणि मधली भिंत पातळ आहे.

तर मे महिन्यात कुणीतरी सांगितलं, अहो याचा पिक्चर आहे की, 2009 चा. मला वाटलं बरं झालं, पोरगं दीड तास लॅपटॉपसमोर बसेल, तेवढ्यात माझे सांडगे घालून होतील.

सांडगे झाले. बाकी सगळं बिघडलं.

कारण पिक्चरमधे पुस्तकातली ती आजोबांची गोष्टच नाही. तिथं फ्लिंट लॉकवूड नावाचा एक धडपड्या पोरगा आहे, त्यानं पाण्यापासून जेवण करायचं मशीन केलंय, ते मशीन उडून ढगात जाऊन बसतंय, शिवाय त्याचं बोलणारं माकड आहे, मासेमारीशिवाय दुसरं काही न बोलणारे वडील आहेत, हवामान सांगणारी पोरगी आहे. तीस पानांतनं दीड तास काढायचा म्हणजे काहीतरी घालावं लागणारच, मान्य आहे, भडंगात शेंगदाणे घालतातच, पण या फिल लॉर्ड आणि ख्रिस्तोफर मिलर जोडगोळीनं शेंगदाण्यात भडंग घातलंय. पिक्चर धमाल आहे हां, मी सांडग्याचे हात घेऊन दारात उभी राहून निम्मा बघितला, ते वेगळं.

त्या रात्री पुस्तक उघडलं तर चिरंजीव म्हणाले, “आई, हे पुस्तक चुकीचं आहे. मशीन कुठंय?”

मी म्हटलं या गावात मशीन नाही, आपोआप पडतं. “आपोआप कसं पडेल?” आता गेले वर्षभर आपोआपच पडत होतं आणि साहेबांची काही तक्रार नव्हती. पण एकदा मशीन बघितल्यावर माणसाला आपोआप पटत नाही. मग मी तिसऱ्या पानावर मशीन घातलं, पाचव्यावर माकड घातलं, माकडाला आवाज काढला, आणि पंधरा मिनिटांचं पुस्तक सव्वा तासावर गेलं. दुसऱ्या दिवशी फ्लिंटसारखे फवारून घालायचे बूट करायचे म्हणून साहेबांनी दोन्ही पायांना डिंक फासला आणि चटईवर उभे राहिले. चटईची एक काडी अजून करंगळीला आहे असं मला वाटतंय.

यात आमच्या सासऱ्यांची भर. आप्पांनी सगळा जन्म सांगलीत काढलाय, त्यामुळे वरनं काहीही पडायला लागलं की त्यांचा एकच प्रश्न, आयर्विनला किती फूट? (म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती चढलंय.) पिक्चरमधे शेवयांचं वादळ आलं तर म्हणाले, “याच्या वरच्या अंगाला धरण कुठलं?” मशीन ऐकत नाही, जेवण वाढतच चाललंय, हे कळल्यावर तर त्यांना सगळा उलगडाच झाला. “बघ, कोयनेतनं विसर्ग सोडला आणि खाली कर्नाटकात अलमट्टी धरणाला पाणी अडवून धरलं की असंच होणार.” पोरानं हे सगळं टिपून घेतलं. आता पुस्तकात धिरड्यावरच्या गोड पाकाचा पूर येतो त्या पानावर रोज थांबायचं. पाक किती फुटावर? चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका, हे त्याला अजून घड्याळ कळत नाही तरी पाठ आहे. मी सत्तावन्न म्हटलं की आप्पा बाहेरून ओरडतात, “2019 च्या पुराएवढा!”

शेवटी गावातले लोक शिळ्या पावाच्या मोठ्या तुकड्यांना पीनट बटर लावून होड्या करतात आणि गाव सोडून जातात. मला हे पान फार आवडायचं. आप्पांना मंजूर नाही. “शिळा पाव चहात दोन सेकंद टिकत नाही, समुद्रात काय टिकतोय? पुरात आपल्या मारुती चौकात बोटी आल्या होत्या त्या रबराच्या होत्या.” यावर आजोबा-नातवाची अर्धा तास चर्चा, मी मधे उघडं पुस्तक धरून बसलेली, कुकर अजून घासायचा.

काल मात्र ठरवलं, माकड नाही, मशीन नाही, सरळ वाचायचं. पाकाच्या पुराच्या पानावर आले. एवढं मोठं धिरडं शाळेवर पडतं की कुणाला हलवता येत नाही आणि शाळा बंद करावी लागते. इथं तो नेहमी उठून बसतो. मी लाइट घालवला, पुस्तक उशाखाली सरकवलं.

अंधारात पाच मिनिटांनी, “आई, पाक ओसरला का?”

“ओसरला. झोप.”

“धिरडं काढलं कुणी?”

“महापालिकेनं. क्रेन आणली होती.”

“मग उद्या शाळा आहे?”

“आहे.”

जरा वेळ शांत. मला वाटलं झोपला.

“मग नाही ओसरला.”