‘बेपत्ता’ रुग्ण कुठे धरायचे? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

मिलिंदराव, प्रतिक्रिया दोनदा वाचली. एआरटी केंद्रात (एचआयव्हीवरच्या गोळ्या मिळतात तिथे) यायचे थांबलेल्या, म्हणजे ‘बेपत्ता’ रुग्णांपैकी बरेच जण वारले असतील, असं मी लिहिलं ती तुमच्या मते घबराट. आफ्रिकेतले आकडे नाशिकला चिकटवले, हा दुसरा राग. शिवाय तुमच्या ओळखीतला एक जण सुरतला नियमित गोळ्या घेतोय आणि इथल्या नोंदीत मात्र ‘एलएफयू’ (लॉस्ट टु फॉलो-अप, म्हणजे बेपत्ता) आहे.

आकड्यांबद्दल तुमचं बरोबर आहे. ब्रिंकहॉफ या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी २००९ साली १७ अभ्यास एकत्र करून बेपत्ता रुग्णांतलं मृत्यूचं प्रमाण सुमारे ४० टक्के काढलं, पण वेगवेगळ्या अभ्यासांत ते १२ पासून ८७ पर्यंत होतं. त्यातला ४० उचलून दिंडोरी-पेठला लावणं चूकच. ते वाक्य मी घाईत लिहिलं, आज बदलतो.

पण ‘मृत्यूची नोंद नाही, तर मृत धरू नका’ हे तुमचं म्हणणं काही पटत नाही. समजा, केंद्रात १००० रुग्ण, वर्षात नोंदलेले मृत्यू ४०, बेपत्ता २००. तुमच्या हिशेबाने दर ४ टक्के, म्हणजे ते दोनशेच्या दोनशे जिवंत. त्यातले ३० टक्के जरी गेले असले तरी आणखी ६० मृत्यू, आणि दर १० टक्के. न मोजणं हासुद्धा एक अंदाजच, फक्त तो केंद्राच्या सोयीचा.

त्याच विश्लेषणातली एक गोष्ट मला अजून अस्वस्थ करते. गळती ५ टक्क्यांच्या आसपास असेल तिथे गळालेल्यांतले ६० टक्के मेलेले, गळती ५० टक्के तिथे साधारण २०. उलटं वाटतं ना? जिथे गळती मोठी, तिथे एसटीचं भाडं, बुडणारा रोज, द्राक्षाच्या हंगामातलं स्थलांतर अशा कारणांनी सुटलेले धडधाकट लोकही त्यात असतात. चांगलं केंद्र त्यांना धरून ठेवतं; मग उरतात ते बहुतेक येण्याच्या अवस्थेतच नसलेले.

यावर उपाय आहे. चिठ्ठ्या टाकून दोनशेतले चाळीस निवडायचे आणि त्या चाळिसांचा छडा लावल्याशिवाय सोडायचं नाही. नुसत्या फोनवर भागत नाही, कारण स्वतः फोन उचलणारा जिवंतच असणार! सुरगाण्याच्या पाड्यावर जावं लागतं, तेही गाडी लांब लावून, कुठून आलो हे शेजाऱ्यांना न सांगता. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने गोपनीयता बंधनकारक आहे, आणि कायदा नसता तरी हेच करायला हवं होतं.

तुमच्या त्या सुरतच्या माणसाचं नाव-गाव मला कळवू नका. त्यालाच म्हणावं, नाशिकच्या केंद्रात एक फोन कर. त्याच्या नावापुढे ‘ट्रान्सफर आउट’ (दुसऱ्या केंद्रात गेला) लागेल आणि दोनशेचे एकशे नव्व्याण्णव होतील.