फ्रिक्वेन्सी वाढली की लहर लांब होते? नाही हो, उलटं आहे

आमच्या सांगलीच्या दोन-तीन ग्रुपवर कालपासून एक मेसेज फिरतोय की फाइव्ह जीची फ्रिक्वेन्सी जास्त म्हणून तिची लहर पण लांब, आणि ती जास्त स्पीडने भिंतीतून आरपार जाते. हे साफ चूक आहे, आणि पोरं हेच पेपरात लिहितील याची मला खरंच काळजी वाटते म्हणून लिहितोय.

फ्रिक्वेन्सी म्हणजे एका सेकंदात किती लहरी येऊन जातात, तरंगलांबी म्हणजे एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंतचं अंतर, आणि दोघांचा गुणाकार म्हणजे वेग. आता रेडिओ, वायफाय, मोबाईल, उजेड, सगळ्यांचा हवेतला वेग जवळपास सेकंदाला 3 लाख किलोमीटरच, मग एक वाढलं की दुसरं कमी व्हायलाच पाहिजे ना. रेडिओच्या मिडियम वेव्हवर 1000 किलोहर्ट्झची (म्हणजे 1 मेगाहर्ट्झ, सेकंदाला दहा लाख लहरी) लहर 300 मीटर, एफएमच्या 100 मेगाहर्ट्झची 3 मीटर, आणि फाइव्ह जीच्या 3500 मेगाहर्ट्झची फक्त साडेआठ सेंटीमीटर, म्हणजे बोटाएवढी! आणि भिंतीत उलट हीच जास्त अडते, 700 मेगाहर्ट्झवाली घरात बरी पोचते.

पटत नसेल तर गोठ्यातला लांब कासरा खांबाला बांधा, ताणून धरा आणि हात हळू हलवा, मोठे मोठे बाक दिसतील. मग तसाच ताण ठेवून हात भराभर हलवा, बाक बारीक आणि जवळजवळ येतात, पण खांबापर्यंत पोचायला वेळ तेवढाच लागतो. पोरांना हे हातात कासरा देऊनच दाखवा.