खुलासा: ती मूळ संख्या ‘शेवटची’ नाही
मुंबईतल्या दहावीच्या पालक-ग्रुपांवर संदेश फिरतोय: ‘२ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १ ही जगातली शेवटची मूळ संख्या, तिचा एकक अंक ७. घातांक मूळ असला की अशी संख्या मूळ असतेच.’ तिन्ही विधानं चूक आहेत.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेली ही संख्या ४,१०,२४,३२० अंकी आहे. तोवर माहीत असलेल्यांत ती सर्वांत मोठी ठरली, एवढंच. मूळ संख्या अनंत आहेत, हे युक्लिडनं केव्हाच सिद्ध केलंय. एकक अंक १ आहे: घातांकाला ४ ने भागल्यावर बाकी १, म्हणजे घाताच्या शेवटी २, त्यातून १ वजा.

तिसरी चूक जास्त वाईट, मुलं पेपरात तसंच लिहून येतील. ११ मूळ आहे, पण २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७ = २३ × ८९. घातांक मूळ असावाच लागतो, पण तेवढं पुरत नाही. विषम मूळ घातांकासाठी खरी कसोटी ल्युका-लेमरची: ४ घ्या, वर्ग करून २ वजा करा, तपासायच्या संख्येनं भागून बाकी ठेवा, हे घातांकाहून दोन कमी वेळा; शेवटी बाकी ० आली तरच संख्या मूळ. ३१ साठी (घातांक ५) तीनदा: १४, मग १९४, बाकी ८, मग ६२, बाकी ०. म्हणून ३१ मूळ. २०४७ ला नऊ पायऱ्यांनंतर १७३६ उरतात.