परत काढा, पण नेमकं काय?

बंदुकांचा नाद असलेली दोन माणसं भेटली की पाच मिनिटांत गाडी त्याच वळणावर येते: "ती बंद केली ना, तिथंच कंपनीचं चुकलं." मग नावांची जंत्री सुरू. पायथन, लुगर, हाय-पॉवर, 1964 च्या आधीची विंचेस्टर. या जंत्रीत मीही वर्षानुवर्षं भर घातली आहे, तेव्हा पुढचं सगळं आधी मलाच लागू आहे. "परत काढा" म्हणताना आपण काय मागतोय हे आपल्यालाच धड ठाऊक नसतं. कधी ते यंत्र हवं असतं. कधी ते यंत्र घासूनपुसून जुळवणारा कारागीर हवा असतो. आणि बऱ्याचदा, खरं सांगायचं तर, नुसतं नाव हवं असतं.

लुगरपासूनच सुरू करतो, कारण तिच्यावर माझा जीव आहे आणि रागही. 1908 साली जर्मन सैन्यानं घेतलेलं हे पिस्तूल. गोळी सुटली की मागचा सांधा गुडघ्यासारखा वर दुमडतो, रिकामं काडतूस बाहेर, नवं आत. दस्त्याचा कोन असा की हात उचलला की नळी आपसूक समोर बघते. पण एखादी जुनी लुगर उघडून बघा. बारक्या बारक्या भागांवर दोन-दोन आकडे ठोकलेले दिसतील. ते त्या पिस्तुलाच्या क्रमांकाचे शेवटचे दोन अंक. कारण तो भाग त्याच पिस्तुलासाठी बसवलेला असतो, शेजारच्यात तो नीट चालेलच याची खात्री नाही. अशी वस्तू काढायला कारखान्यापेक्षा सोनाराची पेढी बरी. 1970 च्या दशकात माउझर या जर्मन कंपनीनं ती परत काढलीही होती. काही वर्षं चालली, मग थांबली. ज्यांना हवी होती त्यांनी घेतली, आणि तेवढ्यात गिऱ्हाईक संपलं.

आता पायथन. कोल्ट कंपनीनं 1955 मध्ये आणलेलं, .357 मॅग्नम या दणदणीत काडतुसाचं रिव्हॉल्व्हर. त्याच्या निळ्या झिलईबद्दल लोक अत्तराबद्दल बोलावं तसं बोलतात. आतली कळ कारागीर हातानं जुळवायचे, म्हणून ट्रिगर लोण्यासारखा, अशी ख्याती. (लोण्यासारखा असतो, पण शेवटी शेवटी जड होत जातो. हे भक्तमंडळी सांगत नाहीत.) 2005 पर्यंत ते पूर्ण बंद झालं. मग पंधरा वर्षं एकच घोषा, परत काढा. 2020 च्या जानेवारीत कोल्टनं खरंच काढलं. पण आतली रचना नव्यानं आखून, 14 भाग कमी करून, नेम धरायच्या मागच्या खाचेखाली जास्त पोलाद ठेवून, आणि सुरुवातीला फक्त स्टेनलेसमध्ये. झालं! ज्यांनी पंधरा वर्षं मागणी केली त्यातलेच अर्धे म्हणू लागले, "हे पायथन नव्हे."

मला हे अजिबात पटत नाही. ती चौदा कमी भागांची कळ कोणी गुपचूप आत सरकवली नव्हती. भाग कमी म्हणजे हातानं जुळवायचं काम कमी, आणि काम कमी म्हणूनच ते रिव्हॉल्व्हर आज बाजारात आहे. हातानं जुळवणारे ते कारागीर निवृत्त झाले, त्यांच्या हाताखाली शिकायला पोरं आली नाहीत. झिलईसाठी पोलाद किती वेळ आणि किती बारीक पावडरीवर फिरवायचं हे ज्यांच्या बोटांना कळायचं, ती बोटं आता तिथं नाहीत. ती परत आणायची सोय कोणत्याच कंपनीकडे नाही.

बोटांचा विषय निघालाच आहे तर मार्लिनची गोष्ट सांगायलाच हवी. मला वाटतं या नादातल्या प्रत्येकानं ती पाठ करावी. मार्लिन म्हणजे लिव्हर रायफली, ट्रिगरभोवतीचा दांडा खाली-वर करून काडतूस भरायच्या, पिढ्यान् पिढ्या अमेरिकेतल्या कनेटिकटमध्ये बनलेल्या. 2008 च्या सुमारास रेमिंग्टन या दुसऱ्या बंदूक कंपनीनं ती घेतली आणि 2011 पर्यंत नॉर्थ हेवनचा कारखाना बंद करून काम न्यूयॉर्क राज्यातल्या इलियनला नेलं. यंत्रं नेली, कागद नेले. माणसं नाही नेली. आणि मग कळलं की यंत्रं झिजलेली आहेत आणि जुने कागद प्रत्यक्ष रायफलीशी जुळतच नाहीत. साहजिक आहे. वर्षानुवर्षं त्या यंत्रावरचा माणूस कागदात नसलेली दुरुस्ती स्वतःच करत आला होता. इथं कणभर जास्त घास, तिथं थोडं सैल ठेव. तो गेला आणि ती दुरुस्ती त्याच्याबरोबर गेली. मग त्या काळातल्या रायफलींची अशी बदनामी झाली की लोक नळीवर 'जेएम' हा शिक्का आहे का ते आधी बघायला लागले, कारण तो शिक्का म्हणजे जुन्या कारखान्याचा माल. मॉडेल तेच, नाव तेच, आकारही तोच. बंद पडलेली बंदूक 'परत काढणं' किती अवघड आहे हे कळायला ती बंद पडावीही लागत नाही, नुसती दुसऱ्या गावी न्यावी लागते.

पुढं रेमिंग्टनचंच दिवाळं वाजलं. 2020 च्या लिलावात रुगर या तिसऱ्या कंपनीनं मार्लिन घेतली, वर्षभर शांत बसले, सगळं नव्या यंत्रांवर नव्यानं बसवलं आणि 2021 च्या डिसेंबरात पहिली 'मॉडेल 1895' रायफल बाहेर काढली. जुन्या हातांची नक्कल करायच्या फंदात पडलेच नाहीत. रायफली चांगल्या निघाल्या. यातून मी माझ्यापुरता बोध घेतला: आठवणीतल्या मालाशी स्पर्धा करणारा हरतो, नव्यानं मोजमाप घेणारा टिकतो.

हाय-पॉवर पिस्तुलाचा किस्सा तर चक्क गमतीचा. बंदुकांचे आराखडे करणाऱ्या जॉन ब्राउनिंगनं सुरुवात केली, 1926 मध्ये तो गेला, मग बेल्जियमच्या एफएन कंपनीत द्यूदोने सेव्हनं ते पूर्ण केलं, 1935 मध्ये आलं. मॅगझिनमध्ये, म्हणजे गोळ्यांच्या पेटीत, तेरा गोळ्या, त्या काळी केवढी मोठी गोष्ट! कितीतरी देशांच्या सैन्यांनी वापरलं. एफएननं 2018 च्या सुमारास ते बंद केलं आणि लोकांनी सुतक धरलं. पुढं 2021 मध्ये स्प्रिंगफील्ड या अमेरिकन कंपनीनं वेगळ्या नावानं जवळजवळ तेच पिस्तूल काढलं, फक्त मॅगझिन काढल्यावर ट्रिगर अडवणारा तो त्रासदायक भाग वगळून. आणि लगेच 2022 मध्ये खुद्द एफएननं आपलं 'हाय पॉवर' आणलं, ज्यात जुनी मॅगझिनं बसतच नाहीत! म्हणजे मूळ घराण्यानं नाव ठेवलं आणि वस्तू बदलली, परक्यानं वस्तू ठेवली आणि नाव बदललं. आता सांगा, 'परत' कोण आलं? मी परक्याच्या बाजूनं आहे, पण मला वाद घालायला मजा येते म्हणून दुसरी बाजूही ऐकून घेईन.

विंचेस्टर मॉडेल 70 या रायफलीवर फार वेळ घालवत नाही, कारण त्यावर आधीच लोकांनी पोथ्या लिहिल्यात. 1964 मध्ये खर्च वाचवण्यासाठी कंपनीनं काडतुसाची कड पकडून ठेवणारा मोठा माउझरी पंजा काढून टाकला, दस्त्यावरची नक्षी कोरायच्या ऐवजी दाबून उमटवली, आणि गिऱ्हाइकाला ते पहिल्या दिवसापासून कळलं. पंजा पुढं परत आला. 'चौसष्टच्या आधीची' हा शब्दप्रयोग मात्र अजून गेलेला नाही.

आणि काही गोष्टी परत येऊच नयेत, हेही म्हणायची कोणाची हिंमत होत नाही. विंचेस्टरची मॉडेल 12, 1912 पासून 1964 पर्यंत चाललेली, नळीखालची मूठ मागेपुढे करून भरायची पंपाची शॉटगन, वीसेक लाख बनल्या. तिच्यात ट्रिगर दाबून धरून नुसता पंप मागेपुढे केला की प्रत्येक वेळी बार उडतो. नादिष्ट लोक यावर फिदा आहेत. मी ते पाहिलंय आणि माझ्या पोटात गोळा आला होता. आज कुठलाही वकील असला आराखडा कंपनीच्या दारातून बाहेर पडू देणार नाही, आणि या एका बाबतीत मी वकिलाच्या बाजूनं आहे.

मग मला काय परत हवंय? तर ज्या बंदुकीबरोबर एखादी कल्पनाच बाजारातून गेली, ती. अशा माझ्या मते फार थोड्या आहेत.

एक, हेकलर अँड कॉख या जर्मन कंपनीचं पी7 पिस्तूल. दस्त्याची पुढची बाजूच आत दाबायची, की पिस्तूल सज्ज. मूठ सैल केली की परत शांत. वेगळा सेफ्टीचा खटका नाही, विसरायला काही नाही. नळी जागची हलत नाही, आणि बाराचाच थोडा वायू एका पिस्टनवर घेऊन स्लाइड, म्हणजे वरचा मागेपुढे सरकणारा भाग, क्षणभर रोखून धरली जाते. गोळ्या भराभर झाडल्या की ट्रिगरच्या वरचा भाग तापतो, एवढा एक दुर्गुण. सगळं पोलादातून कोरलेलं, म्हणून महाग, म्हणून 2008 मध्ये बंद. आजच्या प्लॅस्टिकच्या पिस्तुलांमध्ये ती मुठीची युक्ती घालून कोणी दिली तर मी पोलादाचा हट्ट धरणार नाही.

प्लॅस्टिकवरून आठवलं, रेमिंग्टनची नायलॉन 66. 1959 ची .22 रायफल, दस्ता आणि बॉडी ड्यूपाँटच्या नायलॉनची. जुन्या जाणत्यांनी खेळणं म्हणून हिणवलं. मग टॉम फ्राय नावाच्या कंपनीच्याच नेमबाजानं हवेत उडवलेल्या 1,00,010 लाकडी ठोकळ्यांवर या रायफलीनं नेम धरला आणि फक्त सहा चुकवले. दहा लाखांच्या वर खपली. जिला तेल लागत नाही, जिची निगा राखावी लागत नाही अशी साधी रायफल, आणि आज तिच्यासाठी तेच लोक उसासे टाकतात ज्यांच्या वडिलांनी तिला नावं ठेवली होती.

पण सगळ्यात वर सॅव्हेज 99. ही लिव्हर रायफल 1899 ची, आणि विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत टिकली. बाकीच्या बहुतेक लिव्हर रायफलींत काडतुसं नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक असतात. तिथं टोकदार गोळी सहसा चालत नाही, कारण एकाचं टोक पुढच्याच्या प्राइमरवर, म्हणजे बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीवर टेकतं, आणि धक्क्यानं बार उडायची भीती. आर्थर सॅव्हेजनं काडतुसं गोल फिरणाऱ्या चक्रीत बसवली. म्हणजे लिव्हरचा वेग आणि टोकदार गोळीचा पल्ला दोन्ही एका रायफलीत. याच रायफलीसाठी 1915 मध्ये .250-3000 हे काडतूस आलं, सेकंदाला 3000 फूट वेगाचं. या जोडीला आज तोड नाही असं नाही, पण इतक्या सडपातळ अंगात नाही.

ती मी एकदाच हाताळली. मालक वयानं मोठे, आम्ही त्यांना काकाच म्हणायचो. लिव्हर खाली केला, एक काडतूस अंगठ्यानं आत दाबलं. आत पितळी चक्री कुरकुर न करता एक घर फिरली. "डाव्या बाजूला बघ," काका म्हणाले. बॉडीत एक इवलीशी खिडकी, त्यात आकडा: 1. दुसरं काडतूस, 2. पाचापर्यंत भरलं तोवर मी रायफलीकडे बघतच नव्हतो, फक्त त्या खिडकीकडे बघत होतो. सव्वाशे वर्षांपूर्वी कोणाला तरी वाटलं की माणसाला आत किती उरल्यात हे दिसायला हवं, आणि त्यानं त्यासाठी पोलादात भोक पाडलं. पुढच्या काळात खर्चापायी आधी ती खिडकी गेली, मग चक्री जाऊन साधं मॅगझिन आलं, आणि मग रायफलच गेली.

आजच्या यंत्रांवर ती बॉडी कोरणं पूर्वीइतकं अवघड नाही. हातानं जुळवायचं काम तिच्यात पायथनपेक्षा कमीच असावं, असा माझा अंदाज. म्हणून मी नाव घेतो ते तिचंच.

मी काकांना विचारलं, "काका, कधी विकायचा विचार केलात तर मला सांगाल?"

ते काही बोलले नाहीत. एकेक काडतूस बाहेर काढलं, खिडकीत नजर टाकली, बोट घालून नळीमागचा काडतुसाचा कप्पा चाचपला, आणि रायफल पिशवीत घालून चेन ओढली.